करिअर ब्रेकचा खरा हिशेब: तोटा सोडताना कमी, परतताना जास्त

बातमी तुम्हीही वाचली असेल. देशातल्या कामकरी बायकांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेलं. आणि इकडे आपल्या गल्लीत पाहावं तर एम.एस्सी. झालेली वहिनी घरी, पुण्यातली कंपनी सोडून लग्नानंतर लातूरला आलेली शेजारीण घरी, आणि बी.एड. झालेली मावसबहीण दरवर्षी "यंदा धाकट्याची शाळा नवीन आहे, पुढच्या वर्षी बघू" म्हणत घरीच. मग वाढलं ते कोण?

बातमी खोटी नाही आणि गल्लीही खोटी नाही. दोन्हींचा मेळ घालायचा तर आधी तो आकडा काय मोजतो ते बघावं लागतं.

## आकडा वाढला म्हणजे काय वाढलं?

हा आकडा केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातला. पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी किती जणी काम करतात किंवा काम शोधतात, एवढंच त्यात मोजतात. काम पगाराचंच हवं असं नाही. घरच्या शेतात कापूस वेचणं, नवऱ्याच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसणं हेही त्यात काम म्हणूनच धरतात, हातात एक रुपया पडला नाही तरी. याच काळात ग्रामीण भागातलं प्रमाण २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर गेलं, शहरी भागातलं २०.४ वरून २८ वर. म्हणजे वाढीचा मोठा वाटा शेतीतला आणि घरच्या धंद्यातला. त्यातलं काम किती नवं आणि किती आधीपासून होतं पण मोजायचं राहिलं होतं, यावर अर्थतज्ज्ञांत अजून वाद चालू आहे.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या नोकरीचा असाच लांबचा इतिहास खणल्याबद्दल. अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी दाखवलं की समाज शेतीतून बाहेर पडतो तशा बायका आधी कामातून कमी होतात आणि शिक्षण व कार्यालयीन नोकऱ्या वाढल्या की पुन्हा वर येतात. आलेख मधे खोल, दोन्ही टोकांना वर. मराठवाड्यात ही दोन्ही टोकं आणि मधला खड्डा एकाच तालुक्यात दिसतो. शेतमजूर बाई कामावर, महाविद्यालयातली प्राध्यापिका कामावर, आणि बऱ्या परिस्थितीतल्या घरातली पदवीधर सून घरी. हा लेख त्या मधल्या खड्ड्यातल्या बायकांबद्दल आहे, विशेषतः आधी नोकरी करून मग थांबलेल्यांबद्दल.

थांबण्याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत. बाळंतपण, नवऱ्याची बदली, सासूबाईंचं आजारपण, मोठ्याची दहावी. त्यामागे मिनिटांचा एक साधा हिशेब आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात असं दिसलं, आणि घरकामात हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. हात न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत.

## पाच वर्षं घरी बसलं की नेमकं किती जातं?

इथे बहुतेक जणी आणि त्यांच्या घरचे चुकीचा गुणाकार करतात. पगार गुणिले महिने, एवढंच नुकसान धरतात.

समजा वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात दोघी मैत्रिणी आहेत. दोघींना महिना २५,००० रुपये, आणि पगार दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो असं धरू. एक पाच वर्षं घरी राहते, दुसरी राहत नाही. या पाच वर्षांत पहिलीचा बुडालेला पगार सुमारे १७ लाख ६० हजार. इतपत सगळ्यांना कळतं.

आता ती परत येते. मैत्रिणीचा पगार आता ३६,७०० च्या आसपास आहे. हिला विचारतात, "शेवटचा पगार किती होता?" ती सांगते २५,०००. तेवढ्यावरच ठेवतात, वर आपण उपकार केले असा चेहराही करतात. फरक महिन्याला ११,७०० रुपयांचा. आता दोघींची वाढ पुढे सारख्याच ८ टक्क्यांनी झाली तरी हा फरक मिटत नाही, तोही दरवर्षी ८ टक्क्यांनी फुगतो. वीस वर्षांची बेरीज केली तर ६४ लाखांच्या वर जाते.

"वीस वर्षांनंतरच्या रुपयाला काय किंमत?" ही शंका रास्त आहे. म्हणून अगदी कडक हिशेब करू आणि रुपयाही दरवर्षी ८ टक्क्यांनी स्वस्त होतो असं धरू. तरीही परतीच्या दिवसाच्या भावात हा तोटा २८ लाखांचा येतो. घरी बसलेल्या पाच वर्षांपेक्षा परतल्यानंतरच्या वीस वर्षांतला तोटा मोठा.

घरात चर्चा होते ती सोडायची की नाही यावर. रडारड, भांडणं, माहेरच्यांना फोन, सगळं त्या एका निर्णयावर. आणि पाच वर्षांनी कुठल्या पगारावर, कुठल्या पदावर परत घुसायचं, हे मात्र पहिली जी कंपनी हो म्हणेल तिच्यावर सोडून दिलेलं असतं. माझ्या मते सगळा जोर उलट्या जागी लागतो. बाळ लहान असताना थांबणं कित्येक घरांत टळण्यासारखं नसतंच. टळण्यासारखं असतं ते खालच्या पायरीवर परतणं. याच उदाहरणात ती २५,००० ऐवजी ३१,००० वर रुजू झाली, तर ते सहा हजार वीस वर्षांत जवळजवळ ३३ लाख होतात.

## घेणारा मनात काय म्हणतो?

नोकरी देणाऱ्याला वाईट ठरवून प्रश्न सुटत नाही. त्याला दोन भीती असतात. ही काम विसरली असेल, ही एक. आणि ही पुन्हा सोडेल, ही दुसरी. पहिलीवर उपाय सोपा आहे, दुसरीवर अवघड, आणि खरं नुकसान दुसरी करते.

अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोटे पण एकसारखे अर्ज कंपन्यांना पाठवले होते. काहींत आई सध्या नोकरीत आहे असं लिहिलं, काहींत नोकरी गेली म्हणून बेकार आहे असं, काहींत मुलांसाठी घरी थांबली असं. अनुभव तोच, शेवटच्या दोघींचा रिकामा काळही तेवढाच. तरी नोकरी गेलेल्या आईला जेवढी बोलावणी आली, त्याच्या साधारण निम्मीच मुलांसाठी थांबलेलीला आली. काम विसरण्याची भीती दोघींबाबत सारखीच असायला हवी होती. म्हणजे मोजली जात होती ती निष्ठा. हिनं एकदा घर निवडलं, पुन्हा निवडेल.

आपल्याकडे हे अर्जावरून ओळखायची गरजच पडत नाही. मुलाखतीत सरळ विचारतात: "मॅडम, लेकरं किती? सांभाळायला कोण असतं?" तिच्या आधी आत जाऊन आलेल्या पुरुषालाही दोन लेकरं असतात, त्याला कुणी विचारत नाही.

## "पण कायदा आहे की! सव्वीस आठवडे रजा मिळते."

मिळते. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, त्यानंतरच्या अपत्याला १२ आठवडे. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या वर्षभरात तिथे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेतला आहे, या मूळ तरतुदी त्यात तशाच आहेत. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा.

मग तरी सोडतात का? एक तर बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर रजा संपते, बाळ संपत नाही. दुसरं, या रजेचा पगार कोण देतं ते बघा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि कंपनी ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेत असेल, तर पैसे ईएसआय देतं. त्याच्या वर पगार गेला की सगळा भार मालकाच्या खिशावर. म्हणजे २०,००० ची बाई मालकाला रजेत जवळपास फुकट पडते आणि २२,००० ची महाग. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सांगते की हा खर्च एकट्या मालकावर टाकू नये, तो विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा. कारण उघड आहे. खर्च एकट्या मालकावर पडला की तो लग्नाच्या वयाची मुलगी घ्यायलाच कचरतो. कायदा नोकरीत असलेलीला वाचवतो आणि दाराबाहेर उभी असलेलीला थोडं आणखी बाहेर ढकलतो.

कंत्राटी नोकरीत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. करार अकरा महिन्यांचा आहे आणि रजेच्या मधेच संपतो, म्हणून लाभ बंद, असं सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की पात्रता पूर्ण झाली असेल, तर करार संपल्यानंतरच्या काळासाठीही प्रसूती लाभ द्यावा लागतो.

राज्य सरकारी नोकरीतल्या बायकांना २०१८ पासून संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. पुरुषाला ती कधी मिळते? पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर. मुलं कुणी सांभाळायची, याबद्दल सरकारचं मत त्या शासन निर्णयातच वाचायला मिळतं.

आणि हे सगळं बोलताना बीड-धारूरकडून ऊसतोडीला जाणारी बाई या चौकटीत कुठेच बसत नाही, हेही नोंदवून पुढे जाऊ. तिची सुट्टी म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापतो.

## घरी होते म्हणजे रिकामी होते का?

बहुतेक जणी रिकाम्या नसतातच. कुणी सहावी-सातवीच्या शिकवण्या घेते, कुणी दिराच्या दुकानाचं जीएसटी भरते, कुणी बचत गटाचे हिशेब आणि बँकेची कामं बघते. पण अर्जात त्या वर्षांसमोर लिहितात "गृहिणी" किंवा काहीच लिहीत नाहीत. शेतात पीक उभं आहे, पण पीक पाहणी केली नाही म्हणून सातबाऱ्यावर पड दिसते, तशातला हा प्रकार. नुकसानभरपाई आली की तलाठी शेतात येऊन बघत नाही, नोंद बघतो. नोकरी देणाराही नोंदच बघतो.

नोंद करायची म्हणजे काय, ते एका उदाहरणानं बघू. जालन्याच्या मोंढ्यात एका अडत दुकानात हिशेब लिहिणारी बी.कॉम. झालेली बाई २०१६ मध्ये थांबली. तिला व्हॅट पाठ होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तिचं अर्धं ज्ञान एका रात्रीत जुनं झालं. आज तिला काय यायला हवं? महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीची माहिती जीएसटीआर-१ मध्ये, २० तारखेपर्यंत कर भरून ३बी हे विवरणपत्र. खरेदीवरची वजावट पोर्टलवरच्या २बी या खरेदीच्या यादीशी ताडून पाहणं. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याचं ई-इन्व्हॉइस, मालाच्या गाडीसोबतचं ई-वे बिल, आणि टॅलीची नवी आवृत्ती. यादी भीतीदायक वाटते. पण जमा-नावे बदललेलं नाही, ताळेबंद बदललेला नाही, आणि हुंडेकरी, हमाली, तोलाई यांची रक्कम कुठल्या खात्याला टाकायची हे जे तिला कळतं, ते नव्या पोराला कळायला वर्ष जातं. ओळखीच्या सीएकडे तीन-चार महिने प्रत्यक्ष रिटर्न भरले की ती उभी राहते. फक्त ते फुकट आणि तोंडी करू नये. मानधन थोडं का असेना, बँक खात्यात घ्यावं. शेवटी त्या सीएच्या लेटरहेडवर किती फर्मची कुठली रिटर्न भरली, याचं पत्र घ्यावं. "ब्रेकनंतर" हा शब्द मग अर्जात जुना होतो. सगळ्यात वर ताजं काम दिसतं, आणि "पुन्हा सोडेल" या भीतीला एवढंच उत्तर चालतं.

शिकवण्या घेत असाल तर पावती पुस्तक ठेवा, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी करा. ती मोफत आहे. अर्जात मधल्या वर्षांबद्दल एक ओळ पुरे: अमुक ते अमुक कौटुंबिक जबाबदारी, सोबत अमुक काम. लपवू नका, आणि दोन परिच्छेद सफाईही देऊ नका.

मोठ्या कंपन्या यासाठी रिटर्नशिप चालवतात. म्हणजे ब्रेकनंतर येणाऱ्यांना ठरावीक महिने पगार देऊन प्रत्यक्ष कामावर घ्यायचं आणि जमलं तर कायम करायचं. टाटा समूहानं २००८ मध्येच असा कार्यक्रम सुरू केला. पण अशा जागा बहुतेक मुंबई, पुणे, बंगळुरूला. परभणीत बसून त्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

विज्ञान शाखेतल्यांनी मात्र केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या महिला शास्त्रज्ञ योजनांवर लक्ष ठेवावं. खंड पडलेल्या संशोधक बायकांनाही त्यांत संधी मिळते, आणि बौद्धिक संपदा, म्हणजे पेटंट वगैरेंच्या कामाचं प्रशिक्षणही त्यात मिळतं. अर्धवट राहिलेली पीएच.डी. असेल तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत बायकांना सहा वर्षांवर आणखी दोन वर्षं वाढीव मिळतात, शिवाय एकूण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा.

## कागदांची भानगड

परतताना पहिली अडचण कौशल्याची येत नाही, नावाची येते. दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि पदवी माहेरच्या नावावर. तिथे मधलं नाव वडिलांचं, आडनाव वडिलांचं. लग्नानंतर आधार बदललं, तिथे मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. पॅन जुनंच राहिलं. बँक खातं आधारप्रमाणे. आणि पीएफचं खातं आठ वर्षांपूर्वीच्या कंपनीनं भरलं होतं तसं, त्यात स्पेलिंगही एका अक्षरानं वेगळं. नवी कंपनी रुजू करून घेते, पण यूएएन म्हणजे पीएफचा कायम क्रमांक आधारशी जुळत नाही, आणि एचआरमधला पोरगा सांगतो, "मॅडम, नवीनच काढू." काढू देऊ नका. नव्या क्रमांकावर तुमची सेवा शून्यापासून मोजली जाते.

म्हणून नोकरी शोधायच्या आधी महिनाभर हे काम उरका. विवाह नोंदणी झालेली नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत करून घ्या, गरज असेल तर शासन राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्या, मग पॅन आणि पीएफची दुरुस्ती. आणि लग्न व्हायचं असलेल्या मुलींना माझा सल्ला विचाराल, तर नाव बदलूच नका. तशी सक्ती करणारा कुठलाही कायदा नाही.

पीएफ मोडू नका, हेही इथेच सांगतो. नोकरी सुटली की घरात पहिली नजर त्या पैशावर जाते; प्लॉटचा हप्ता असतो, दिराचं लग्न असतं. जुन्या नियमांत तर लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला दोन महिन्यांची वाट न पाहता पीएफ काढता येत असे. सवलत दिसायला चांगली, पण तिनं कित्येकींचं खातं कायमचं रिकामं केलं. नोकरी नसली तरी खात्यावर व्याज चालू राहतं, फक्त त्या काळातल्या व्याजावर कर लागतो. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. तोच दर धरला तर दोन लाखांचे पाच वर्षांत जवळपास २ लाख ९७ हजार होतात.

शिवाय पेन्शन. पीएफमधल्या पेन्शनला एकूण दहा वर्षांची सेवा लागते, पण ती सलग लागत नाही. ब्रेकआधीची सहा आणि नंतरची चार मिळून दहा होतात, मधे पैसे काढले नसतील तरच. रक्कम फार नाही. १५,००० च्या मर्यादेवर दहा वर्षांची सेवा म्हणजे महिन्याला २,१०० च्या थोडं वर. पण ती बाईच्या स्वतःच्या नावावर आणि जन्मभर आहे.

शिक्षिकांनी धास्ती घेऊ नये: टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं, २०२१ मध्ये ते आजीवन केलं. नेट-सेटही शिळी होत नाही. डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी मात्र दर पाच वर्षांनी नूतनीकरण मागते, आणि त्यासाठी ३० श्रेयांक जमवावे लागतात. नर्स, फार्मासिस्ट, वकील, सगळ्यांनी आपापल्या परिषदेकडे नोंदणी चालू आहे ना, ते आधी तपासावं.

## "आमच्याकडे नोकऱ्याच कुठेत?"

हा आक्षेप खरा आहे आणि पुण्या-मुंबईहून सल्ले देणाऱ्यांना तो कळत नाही. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आहे, बिडकीनला नवे कारखाने येत आहेत. लातूरला शिकवणी वर्गांचा अख्खा धंदा आहे, जालन्याला लोखंड आणि बियाणं. पण हिंगोलीत किंवा भूमला शिकलेल्या बाईला नोकरी म्हणजे शाळा, दवाखाना, पतसंस्था, झालं. मालक तीन-चारच असले की पगार ते ठरवतात. इंग्रजी शाळेत दहा हजारांवर एम.एस्सी. बी.एड. मिळते, कारण तिला दुसरीकडे जाता येत नाही, हे संस्थाचालकाला माहीत असतं. यात तिची गुणवत्ता कमी पडत नाही, गावात मालक कमी पडतात.

अशा ठिकाणी दोन वाटा थोड्या रुंद आहेत. एक, जिथे पगार मालकाच्या मर्जीवर नाही ती सरकारी भरती. राज्य सेवेत बायकांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, आणि खुल्या गटातल्या महिलांसाठी नॉन-क्रिमीलेयरची, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्राची अट २०२३ मध्ये काढली. इतर मागास प्रवर्गांतल्या महिलांना ते प्रमाणपत्र लागतं, पण विवाहितेसाठी उत्पन्न आई-वडिलांचं बघतात, नवऱ्याचं नाही. तहसीलमध्ये कुणी नवऱ्याचा दाखला मागितला तर हे सांगा. शिक्षक भरती पवित्र पोर्टलवरून होते, त्यासाठी टीईटीशिवाय अभियोग्यता चाचणीही द्यावी लागते.

दुसरी वाट, मालक गावाबाहेरचा आणि काम घरून. हिशेब, ऑनलाइन शिकवणी, सॉफ्टवेअर चाचणी, विमा-दवाखान्यांचं कागदपत्र. यात पगार पुण्याच्या जवळपास मागता येतो. पण "घरबसल्या टायपिंग, आधी दोन हजार नोंदणी" असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. कामाचे पैसे मिळतात, द्यावे लागत नाहीत.

## "वय निघून गेलं आता"

राज्यातल्या बहुतेक पदांना खुल्या गटासाठी कमाल वय ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. सहायक प्राध्यापकाच्या नेटला वरची वयोमर्यादा नाही. पस्तिशीतली बाई "आता काय" म्हणते तेव्हा तिच्यापुढे नोकरीची वीस-बावीस वर्षं असतात. वर वीस वर्षांचाच हिशेब केला, तो याचसाठी.

## "नोकरी केली तर लाडकी बहीण बंद होईल"

नियम घराच्या वार्षिक उत्पन्नाचा आहे, अडीच लाखांचा, शिवाय घरात कुणी आयकर भरणारं किंवा कायम सरकारी नोकरीत नसावं. छोटा खासगी पगार धरूनही घराचं उत्पन्न त्या मर्यादेत राहत असेल, तर काही बिघडत नाही. आणि दीड हजारांसाठी पंधरा हजार सोडायचे का, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

## "सगळा पगार पाळणाघरात जातो, मग कशासाठी?"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यात फसवा हिशेब. पगार १८,०००, पाळणाघर आणि रिक्षा मिळून १०,०००, स्वयंपाकाच्या मावशी ३,०००. उरले ५,०००. "एवढ्यासाठी लेकराची आबाळ? घरी बस की." सासूबाई प्रेमानंच म्हणतात.

पण पाळणाघर फक्त तिच्या पगारातून का वजा केलं? लेकरू दोघांचं आहे. दोघांच्या मिळून ६०,००० मधून १०,००० गेले असं मांडलं की चित्र बदलतं. शिवाय ते ५,००० आजचे आहेत. पाळणाघराचा खर्च चार-पाच वर्षांत शाळा लागली की उतरतो आणि पगार वाढत जातो. त्या काळात ती पाच हजारांसाठी काम करत नसते, आपली पायरी राखून असते. पायरी सुटली तर काय होतं त्याचा आकडा वर आहेच.

लेकराची आबाळ होते का? चांगलं पाळणाघर नसेल तर होते, आणि तालुक्याच्या गावात ते बहुधा नसतंच. तिथे आजी-आजोबांवर भार पडतो, आणि साठी ओलांडलेल्या आजीनं दिवसभर दोन वर्षांच्या पोरामागे धावावं, हेही फार चांगलं नाही. या बाबतीत थांबणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. फक्त थांबताना परतीचा महिना ठरवून ठेवा, आणि तो नवऱ्यासमोर, सासू-सासऱ्यांसमोर बोलून ठेवा. न ठरवलेला ब्रेक कधी संपला, हे कुणालाच सांगता येत नाही.

## मुलाखतीतला तो प्रश्न

"शेवटचा पगार किती होता?" याचं उत्तर टाळता येत नसेल तर द्या, पण तिथे थांबू नका. "२०१९ मध्ये २५,००० होता. या कामाला आज इथे ३४ ते ३८ देतात, माझी अपेक्षा त्यातलीच आहे." हे म्हणता यावं म्हणून आधी त्याच कामावर असलेल्या तीन जणांना पगार विचारून ठेवा. आपल्याकडे पगार विचारणं उद्धटपणा समजतात, तरी विचारा. पुरुष आपसांत टपरीवर उभ्यानं विचारतात.

ते कमीवरच अडून बसले आणि नोकरी हवीच असेल, तर म्हणा: ठीक आहे, २९ वर येते, सहा महिन्यांनी काम बघून ३५ करायचे. पण ते नेमणूकपत्रात लिहून घ्या, आकड्यासकट आणि तारखेसकट. तोंडी कबुलीवर रुजू झालात, तर सहा महिन्यांनी ज्यानं शब्द दिला तो एचआर मॅनेजर चाकणला दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.